इंग्रजी क्रियापदाचं शेपूट धरा: मराठी कानाने फ्रेझल व्हर्ब शिकण्याची पद्धत

वहीच्या पानावर डाव्या बाजूला 'गिव्ह' आणि उजवीकडे एकाखाली एक अप, इन, अवे, आउट, ऑफ, बॅक. प्रत्येकापुढे मराठी अर्थ. मराठी माध्यमात शिकून आता नोकरीसाठी इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत हे पान मी इतक्यांदा पाहिलंय, की उलटण्याआधीच कळतं, पुढच्या पानावर 'टेक' असणार. तीन-चार दिवसांनी विचारावं, तर 'गिव्ह इन' आणि 'गिव्ह अप' यांची अदलाबदल झालेली असते. मुलं हुशार असतात, पाठांतरही मनापासून केलेलं असतं. चूक यादीच्या मांडणीत असते. क्रियापद धरून यादी केली की हाती फारसं लागत नाही, कारण फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापद आणि असा छोटा शब्द मिळून झालेल्या जोडीच्या, अर्थाची दिशा बहुतेक वेळा मागून येणारा तो छोटासा शब्द ठरवतो. मी त्याला वर्गात 'शेपूट' म्हणतो. या लेखात त्या शेपटांनाच एकेक करून धरायचं आहे.

पायरी 1: आधी मराठीची उजळणी

इंग्रजी बाजूला ठेवा आणि ही वाक्यं मोठ्याने म्हणा. 'ते काम करून टाक.' 'काय करून बसलास हे!' 'स्वयंपाक करून ठेव.' 'एकदा करून बघ.' 'सही करून घे.' 'एवढं करून दे.' सहाही वाक्यांत 'करणे' तेच आहे. पण 'टाक'मध्ये काम उरकण्याची घाई आहे, 'बसलास'मध्ये पस्तावा आहे, 'ठेव'मध्ये पुढची सोय आहे, 'बघ'मध्ये प्रयोग आहे. कुणी काही टाकत नाही, कुणी बसत नाही. 'मी विसरून गेलो' म्हणताना आपण कुठेही जात नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला हे फार अवघड जातं. आपल्याला मात्र कुणी शिकवलेलंच नसतं, ते घरात कानावर पडून आलेलं असतं.

इंग्रजीत हेच काम अप, आउट, ऑफ, ऑन, डाउन हे शब्द करतात. 'ईट युअर राइस' म्हणजे भात खा. 'ईट अप युअर राइस' म्हणजे भात संपव, पानात ठेवू नकोस. तिथल्या 'अप'ला 'वर' म्हणून बघितलं तर काहीच उलगडत नाही, 'खाऊन टाक'मधला 'टाक' म्हणून ऐकलं की लगेच उलगडतं.

संस्कृतात हीच युक्ती शब्दाच्या पुढच्या बाजूला आहे. एकाच 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार होतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असं सांगणारा श्लोक ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना आठवत असेल. संस्कृतात पुढून ओढतात, इंग्रजीत मागून.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. 1066 साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबार आणि न्यायालय यांत फ्रेंचचा आणि लॅटिनचा शिरकाव झाला, पण घरात, शेतात, बाजारात जुनी देशी क्रियापदं चालत राहिली. म्हणून आज एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द दिसतात. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ'. 'एक्स्टिंग्विश' आणि 'पुट आउट'. 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ'. आपल्याकडेही सभा 'तहकूब' होते, 'स्थगित' होते आणि घरी बोलताना 'पुढे ढकलली' जाते. ही 'पुढे ढकलणे' जातीची शब्दसंपत्ती म्हणजेच फ्रेझल व्हर्ब. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त हीच छळतात, हे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं. तेव्हा अवघड वाटतंय म्हणून स्वतःला कमी समजू नका.

पायरी 2: शेपटांचा स्वभाव ओळखा

सुरुवातीला तीनच घ्या: अप, आउट, ऑफ. हे तीन नीट बसले की बाकीची झपाट्याने येतात.

'अप'चा पहिला अर्थ 'वर' हा आहेच: स्टँड अप, पिक अप. त्यातूनच वाढीचा अर्थ येतो. 'स्पीक अप' म्हणजे जरा मोठ्याने बोला, 'टर्न अप द व्हॉल्यूम' म्हणजे आवाज वाढव. भांडं भरत वर आलं की पूर्ण झालं, म्हणून 'अप' म्हणजे पुरतं, संपेपर्यंत. 'टेअर द पेपर' म्हटलं तर कागद नुसता फाटला, कदाचित कोपराच. 'टेअर अप द पेपर' म्हटलं तर तुकडे तुकडे करून टाकले. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'गिव्ह अप' इथलाच: पुरतं सोडून देणे. 'ही गेव्ह अप स्मोकिंग' म्हणजे सिगारेट कायमची सोडली. शेजारचा 'गिव्ह इन' वेगळा आहे: समोरच्याच्या रेट्यापुढे नमतं घेणे. 'इन'मध्ये समोर कुणीतरी असतो, 'गिव्ह अप'ला कुणी समोर असावाच लागत नाही.

'अप'चा चौथा अर्थ मला सगळ्यांत आवडतो, तो म्हणजे अचानक समोर येणे. 'ही टर्न्ड अप ॲट मिडनाइट.' 'समथिंग हॅज कम अप.' पहिल्याचं मराठी 'तो मध्यरात्री उगवला', दुसऱ्याचं 'अचानक काम निघालं'. बऱ्याच दिवसांनी आलेल्या माणसाला आपण म्हणतोच ना, 'आज इकडे कुठे उगवलास?' उगवणारी गोष्ट वरच येते. दोन्ही भाषांना एकच चित्र सुचलंय.

'आउट'चं मराठीतलं सख्खं भावंड म्हणजे 'काढणे'. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. 'वर्क आउट अ सोल्यूशन' म्हणजे तोडगा काढणे. झाकलेली गोष्ट उजेडात येते तिथे आउट: 'इट टर्न्ड आउट दॅट ही वॉज राइट', शेवटी त्याचंच खरं निघालं. इथेही 'निघालं'च. दुसरीकडे 'आउट' म्हणजे संपणे, विझणे. हे आपल्याला क्रिकेटने शिकवलंय, 'ऑल आउट' कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'पुट आउट द फायर' म्हणजे आग विझव. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली. मुलं इथे हमखास विचारतात, की आउट म्हणजे उजेडात येणं, आणि आउट म्हणजे विझणंही, हे कसं? ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'द स्टार्स केम आउट.' 'द लाइट्स वेंट आउट.' चांदण्या बाहेर आल्या, दिवे गेले. पहिल्यात 'कम' आहे, म्हणजे आपल्याकडे; दुसऱ्यात 'गो', म्हणजे आपल्यापासून दूर. आपणही 'लाइट आली' आणि 'लाइट गेली' असंच म्हणतो. वाटून टाकण्याचाही एक आउट आहे, 'हँड आउट द पेपर्स', पण तो सहज लक्षात राहतो.

'ऑफ'साठी 'सुटणे' हे मराठी क्रियापद मनात ठेवा. गाडी सुटते: 'वुई सेट ऑफ ॲट फाइव्ह', आम्ही पाचला निघालो. विमान जमिनीपासून सुटतं: टेक ऑफ. पायातली चप्पल सुटते तीही 'टेक ऑफ'. कर्जातून सुटका: 'पे ऑफ द लोन', कर्ज फेडून मोकळं होणे. कामावरून सुटका: लेऑफ. कार्यक्रम ठरलेल्या दिवसापासून तुटला की 'कॉल ऑफ', म्हणजे रद्द. नुसता लांबला की 'पुट ऑफ', म्हणजे पुढे ढकलला. या दोघांची गल्लत महागात पडते. पाहुण्यांना लग्न 'कॉल्ड ऑफ' झाल्याचं कळवलं, तर ते लग्न मोडलं असंच समजतील, मग तुम्हाला फक्त तारीख बदलल्याचं सांगायचं असलं तरी.

आणि मग येतो अलार्म. 'द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' याचा अर्थ नव्वद टक्के मुलं 'अलार्म सहाला बंद झाला' असा लावतात, असं म्हटलं तर ते माझ्या वर्गापुरतं तरी अतिशयोक्तीचं होणार नाही. अर्थ अगदी उलटा आहे: अलार्म सहाला वाजला. बंदुकीची गोळी सुटते, फटाका उडतो, बॉम्ब फुटतो, तिथे इंग्रजीत 'गो ऑफ' येतं. दाबून धरलेली गोष्ट एकदम सुटते. अलार्मही तसाच, रात्रभर धरून ठेवलेला आवाज एकदम सुटला. 'सुटणे' मनात असेल तर हा अर्थ परका वाटत नाही.

बाकीच्यांकडे आता पटकन. 'ऑन' म्हणजे जोडलेलं, चालू असलेलं, थांबू न दिलेलं: स्विच ऑन, कीप ऑन, कॅरी ऑन. एवढीच खबरदारी घ्या की 'पुट ऑन' म्हणजे अंगात चढवण्याची क्रिया, आणि अंगात असणं म्हणजे 'वेअर'. 'डाउन' म्हणजे कमी होणे, बंद पडणे, आणि कागदावर येणे. बसचं 'ब्रेक डाउन', साखर 'कट डाउन', आणि 'टेक डाउन द नंबर' म्हणजे नंबर उतरवून घे. मराठीतही लिहिताना आपण 'उतरवून'च घेतो. 'ओव्हर'मध्ये इकडून तिकडे जाणं आहे: 'हँड ओव्हर' म्हणजे ताब्यात देणे, 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे. 'बॅक' म्हणजे परत, 'अवे' म्हणजे दूर किंवा हळूहळू नाहीसं. या दोघांत फार अडचण येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेपटाचा स्वभाव कळला म्हणजे प्रत्येक जोडीचा अर्थ आपोआप निघेल असं नाही. काही जोड्या तशाच शिकाव्या लागतात, जसं आपलं 'उचलणे'. भाषा पटकन उचलली, बँकेतून पैसे उचलले, ऊसतोडीच्या कामाला जाण्याआधी उचल घेतली, मंदीनंतर बाजाराने उचल खाल्ली. आता 'पिक अप' बघा. 'शी पिक्ड अप मराठी इन सिक्स मंथ्स', तिने सहा महिन्यांत मराठी उचलली. 'बिझनेस हॅज पिक्ड अप', धंद्याने उचल खाल्ली. हे दोन तर जुळलेच. 'आय विल पिक यू अप ॲट द स्टेशन', मी तुला स्टेशनवरून घेईन, हा मात्र वेगळा धरावा लागतो. जिथे मराठी साथ देते तिथे ती घ्यावी, जिथे देत नाही तिथे वाक्यच पाठ करावं.

पायरी 3: 'इट' कुठे बसवायचं

बोलताना अर्थापेक्षा जास्त चुका इथे होतात. 'टर्न ऑफ द लाइट' बरोबर, 'टर्न द लाइट ऑफ'ही बरोबर. पण लाइटच्या जागी 'इट' आलं की एकच जागा: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कधीही नाही. तसंच 'पुट इट ऑन', 'थ्रो देम अवे', 'कॉल मी बॅक'. इट, हिम, हर, देम, मी, अस हे छोटे शब्द मधेच बसतात.

आता 'लुक आफ्टर' घ्या. 'आय लुक आफ्टर माय मदर', मी आईची काळजी घेतो. इथे 'आय लुक हर आफ्टर' होत नाही, 'आय लुक आफ्टर हर' असंच म्हणावं लागतं. फरक कशामुळे? 'टर्न ऑफ'मधलं ऑफ हे क्रियाविशेषण आहे, ते क्रियापदाचं असतं. 'लुक आफ्टर'मधलं आफ्टर हे शब्दयोगी अव्ययासारखं आहे, ते पुढच्या नामाला चिकटलेलं असतं. मराठीत 'घरासमोर'मधून 'समोर' तोडून दुसरीकडे नेता येत नाही, तसंच.

कोणतं कुठलं हे ओळखायचं कसं? दोन चाचण्या आहेत.

पहिली, कानाची. क्रियाविशेषण असेल तर जोर शेपटावर पडतो: 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठसठशीत ऐकू येतं. शब्दयोगी असेल तर जोर क्रियापदावर पडतो: 'लुक ॲट इट' म्हणताना 'लुक' मोठं आणि 'ॲट' जवळजवळ गिळलेलं. बातम्या ऐकताना दोन दिवस फक्त एवढंच ऐका.

दुसरी, मधे शब्द घालण्याची. 'दे लुक्ड केअरफुली इनटू द मॅटर' चालतं, कारण 'इनटू' नामाबरोबर आहे. 'दे पुट क्विकली ऑफ द मीटिंग' चालत नाही, कारण 'पुट' आणि 'ऑफ' यांच्यात तो शब्द शिरूच शकत नाही. व्याकरणाच्या वर्गात याचं एक जुनं उदाहरण देतात: 'ही रॅन अप द हिल', तो टेकडीवर धावत गेला, आणि 'ही रॅन अप अ बिल', त्याने बिल वाढवून ठेवलं. दिसायला सारखी. पण 'अप द हिल ही रॅन' म्हणता येतं, 'अप अ बिल ही रॅन' म्हणता येत नाही. टेकडीच्या वाक्यात 'अप' टेकडीचं आहे, बिलाच्या वाक्यात ते धावण्याचं आहे.

नाम लांबलचक असेल तर क्रियापद आणि शेपूट एकत्र ठेवा. 'टर्न ऑफ ऑल द लाइट्स ऑन द सेकंड फ्लोअर' म्हणा. 'ऑफ' शेवटी नेलंत तर ऐकणारा वाक्यभर ताटकळतो.

पायरी 4: तीन शब्दांची जोडी आणि 'टू'ची भानगड

'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, 'गेट ऑन विथ' म्हणजे पटणे, 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे आतुरतेने वाट पाहणे. यांच्यात मधे काही घुसवायचं नाही, नाम नेहमी शेवटी.

'लुक फॉरवर्ड टू'वर मात्र थांबू या, कारण आपल्या ईमेलच्या शेवटी ते रोज येतं. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे चुकीचं आहे. बरोबर: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. शाळेत 'टू'नंतर मूळ क्रियापद असं घोकलेलं असतं, म्हणून हात तिकडे वळतो. चाचणी सोपी आहे: त्या 'टू'नंतर नुसतं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' बसतं ना? मग तिथे क्रियापदही नामासारखं, म्हणजे 'इंग' लावूनच येणार. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली', मला लवकर उठायची सवय आहे, हेही याच चाचणीत बसतं. 'आय वॉन्ट टू'नंतर 'द हॉलिडेज' बसत नाही, म्हणून तिथे मूळ रूप.

पायरी 5: मराठी विभक्ती जिथे पाय ओढते

इथपर्यंत मराठीची मदत घेतली. आता ती कुठे फसवते ते. आपण 'विषयावर' चर्चा करतो, 'विषयाबद्दल' चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस अबाउट' म्हणतो. 'डिस्कस' एकटंच चालतं: 'लेट अस डिस्कस द प्लॅन'. 'मुद्द्यावर भर दिला' म्हणून 'एम्फसाइज ऑन' म्हणतो, तिथेही 'ऑन' नको. 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरिड विथ हर' म्हणतो, 'मॅरिड हर' पुरे. उलट जिथे हवं तिथे आपण सोडून देतो: 'लिसन मी' नाही, 'लिसन टू मी'. 'वेट मी' नाही, 'वेट फॉर मी'. आणि 'कोप अप विथ' हे भारतभर ऐकू येणारं रूप आहे, त्यातलं 'अप' उगाच शिरलंय. 'कोप विथ' एवढंच म्हणा.

एका शब्दाने अर्थ कसा पालटतो हे बघायचं तर 'सर्च' घ्या. 'आय सर्च्ड माय बॅग' म्हणजे मी माझी बॅग उघडून तिच्यात शोधलं. 'आय सर्च्ड फॉर माय बॅग' म्हणजे बॅगच हरवली होती. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली, 'सर्च्ड फॉर हिम' म्हणजे त्याचा शोध घेतला. पहिल्यात माणूस समोर उभा आहे, दुसऱ्यात तो फरार आहे. तसंच 'शाउट टू' म्हणजे लांबच्याला हाक मारणे आणि 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणे. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हटलं तर तो झेलेल, 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हटलं तर त्याला लागेल. 'ॲट'मध्ये नेम धरलेला असतो.

पायरी 6: ऑफिसातले सापळे

परदेशातल्या सहकाऱ्याचा ईमेल येतो: 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड'. फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणजे मीटिंग पुढे गेली, आज निवांत, असं मराठी मन समजतं. मीटिंग खरं तर अलीकडे आलेली असते. आणि 'पुश्ड बॅक' म्हणजे मागे, म्हणून आपण लवकर तयार होऊन बसतो, ती तर पुढे ढकललेली असते. या एका गोंधळाने चांगल्या, कष्टाळू मुलांना बोलणी खावी लागलेली मी पाहिलीत, आणि त्यांना चूक नेमकी कुठे झाली हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

इथे आपला नियम उलटा करायचा. शेपटाकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. 'ब्रिंग' म्हणजे आणणे. आणलेली गोष्ट आपल्याजवळ येते, म्हणजे तारीख जवळ आली. 'पुश' म्हणजे ढकलणे. ढकललेली गोष्ट लांब जाते, म्हणजे तारीख लांबली. नुसतं 'मूव्ह्ड फॉरवर्ड' लिहिलं असेल तर सरळ तारीख विचारून घ्या, कारण त्यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही एकमत होत नाही. आपलं 'प्रीपोन' भारतात सगळ्यांना कळतं आणि सुटसुटीतही आहे, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड'च वापरा.

'पास आउट'चंही तसंच. आपण 'मी 2019 ला पास आउट झालो' म्हणतो. लंडनमधल्या किंवा शिकागोतल्या मुलाखतकाराला 'आय पास्ड आउट इन 2019' ऐकून तुम्ही 2019 मध्ये बेशुद्ध पडलात असं वाटेल. लष्करी अकादमीचं संचलन 'पासिंग आउट परेड' असतं, तेवढं ठीक. कॉलेजसाठी 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. फॉर्मच्या बाबतीत ब्रिटिश लोक 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट', आणि 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीला. 'रिव्हर्ट बॅक' लिहू नका, 'गेट बॅक टू यू' लिहा.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे घरगुती भाषा, औपचारिक पत्रात चालत नाही, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. बँकेला तक्रार लिहिताना 'प्लीज लुक इनटू द मॅटर' अगदी शोभतं. 'कॅरी आउट अ सर्व्हे', 'सेट अप अ कमिटी' हे सरकारी अहवालातही असतं. 'फिगर आउट', 'मेस अप' अशी मात्र पत्रात नको. प्रत्येक जोडीचा आपला दर्जा असतो, सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नये.

लिहिताना आणखी एक बारकावा. लॉगिन, बॅकअप, लॉकडाउन, ब्रेकडाउन, फॉलोअप हे शब्द मराठीत आले ते नाम म्हणून, आणि इंग्रजीतही नाम असताना ते एकत्र किंवा मधे छोटी रेघ देऊन लिहितात, जोर पहिल्या भागावर. क्रियापद झालं की दोन शब्द सुटे आणि जोर शेपटावर. 'युअर लॉगिन'मध्ये एक शब्द, 'लॉग इन हिअर'मध्ये दोन. अर्जातली ही चूक वाचणाऱ्याच्या लगेच नजरेत भरते.

पायरी 7: वही कशी ठेवायची

जुनी यादी मिटवा. नव्या वहीत प्रत्येक शेपटाला दोन पानं द्या. 'ऑफ'च्या पानावर फक्त ऑफ. रोज दोनच वाक्यं, आणि ती तुमच्या दिवसातली. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. 'आय टर्न्ड द गॅस ऑफ आफ्टर थ्री व्हिसल्स' हे कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करणाऱ्याने लिहिलेलं वाक्य त्याला जन्मभर पुरेल. त्याखाली लगेच तेच वाक्य 'इट' घालून: 'आय टर्न्ड इट ऑफ'. दोन्ही तीन वेळा मोठ्याने, 'ऑफ'वर जोर देऊन. मोठ्याने म्हणणं टाळू नका, शेपटाचा जोर डोळ्यांनी दिसत नाही.

कानासाठी इंग्रजी क्रिकेट समालोचन ऐका, मराठी घरात त्याहून सोयीचा वर्ग नाही. सलामीची जोडी नवा चेंडू 'सी ऑफ' करते, म्हणजे तो जाईपर्यंत टिकते. स्टेशनवर नातेवाइकाला निरोप देणं हेही 'सी ऑफ'. फलंदाज शतक 'ब्रिंग अप' करतो, गोलंदाजाला 'टेक ऑन' करतो, पाऊस 'होल्ड ऑफ' करतो म्हणजे येता येता थांबतो, आणि थांबला नाही तर सामना 'कॉल्ड ऑफ'. एका सामन्यात पाच जोड्या वहीत आल्या तरी खूप झालं.

आठवड्याच्या शेवटी स्वतःला मराठीतून इंग्रजीत बोलायला लावा. ही पाच वाक्यं आधी स्वतः करून बघा: अलार्म वाजला, पण मी तो बंद केला. घरातलं दूध संपलं होतं. मुलीला शाळेत सोडलं. वाटेत एक जुना मित्र अचानक भेटला. त्यांनी मीटिंग दोन तास अलीकडे घेतली होती.

झाली का? आता ताडून बघा. दुसरं: 'वुई हॅड रन आउट ऑफ मिल्क.' तिसरं: 'आय ड्रॉप्ड माय डॉटर ऑफ ॲट स्कूल.' चौथं: 'आय रॅन इनटू ॲन ओल्ड फ्रेंड', आणि हे शब्दयोगी जातीचं, म्हणून 'रॅन इनटू हिम'. पाचवं: 'दे हॅड ब्रॉट द मीटिंग फॉरवर्ड बाय टू अवर्स.' पहिलं मुद्दाम शेवटी ठेवलं: 'द अलार्म वेंट ऑफ, बट आय टर्न्ड इट ऑफ.' एका वाक्यात दोन ऑफ, एकाने आवाज सुटला, दुसऱ्याने तुटला. हे वाक्य 'ऑफ'च्या पानावर सगळ्यांत वर लिहा.